धोंडुबाईचे अकरा सेकंद

वरसे, रोहा
१० नोव्हेंबर २०२४

ती. जनूमामांना किमयाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मेसेज केला तर निलेशदादा तो सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून हे पत्र. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्हीच पाटीवर लिहिलं होतंत, ‘पत्र धाड, ते माझं मी वाचीन.’ तर धाडते आहे.

माझं चाललंय. कंपनीच्या लॅबमधल्या दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी घेतलं नाही. नमुने तेवढेच, हात कमी. सकाळची शिफ्ट करून तीनला घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात. आईचे गुडघे तर तुम्हाला ठाऊकच आहेत. आम्ही दोघी एकाच घमेल्यात गरम पाण्यात पाय सोडून बसतो.

या सगळ्यात एकच गोष्ट स्वतःसाठी करायची ठरवली आहे. ‘उघाडी’ सिनेमावर व्हिडिओ. एखादा सिनेमा घ्यायचा, त्यातले तुकडे दाखवायचे आणि तो आपल्याला का आवडतो, कसा केलाय, ते आपल्या आवाजात सांगायचं. हल्ली पुष्कळ जण करतात. पण ‘उघाडी’वर कोणीच केलेला नाही. आपल्या खाडीकाठावर शूटिंग झालेला सिनेमा, आपल्याच गावचे लोक गर्दीत, आणि माझी सख्खी आजी, धोंडुबाई, त्यात अकरा सेकंद दिसते! मी सातवीत असताना टीव्हीवर लागला होता, तेव्हापासून माझा तोच आवडता. आई मात्र तो लागला की उठून आत जाते. रडवा सिनेमा तिला सोसत नाही.

मी पाच भाग पाडलेत. पाण्याचा आवाज, बायकांच्या पाठी, चिखलाचा रंग वगैरे. मधला भाग पूर्ण आजीच्या त्या अकरा सेकंदांवर. बायका बांधावर चिखलाची घमेली वाहत असतात, आजी मध्येच थांबते, वळते आणि बघते. बस, एवढंच. अख्ख्या सिनेमात तसं कोणी बघत नाही, नायिकासुद्धा नाही. अडाणी बाईकडून दिग्दर्शकाने हे कसं काढून घेतलं असेल?

आजी जाऊन पंधरा वर्षं झाली. शूटिंगच्या वेळी तुम्ही त्या लोकांबरोबर असायचात असं आई सांगते. तिचे धाकटे भाऊ म्हणून तुम्हीच एक उरलात विचारायला. साहेबांनी आजीला काय सांगितलं होतं? जमेल तेवढं लिहा.

तुमची
किमया


पेण
२१ नोव्हेंबर २०२४

चि. किमया, सुखी राहा.

पत्राला पाच दिवस लागले. रोह्याहून चालत निघालं असतं तरी आधी पोचलं असतं.

माझं बरं हाय. गळ्याला भोक आणि भोकाला नळी, एवढं सोडलं तर जेवतो, झोपतो. निलेश दिवसभर गणपतीच्या कारखान्यात. सून चांगली हाय, पण पाटी वाचायला तिला सवड नाय. मी गॅलरीत बसून रस्ता बघतो.

तू विचारतेस त्याला अडतीस वर्षं झाली. दिवाळी होऊन गेली होती. साहेब मुंबईचे, फार हुशार माणूस. ताईला ते म्हणाले, ‘बाई, तुमची सासू मागून हाक मारते आहे असं समजा आणि वळा.’ ताई वळली. सासूला ती घाबरायचीच. सगळे हसले. एवढंच हाय ते.

खरं सांगायचं तर तो भाग काय तुझ्या व्हिडिओत घेण्यासारखा नाय. त्यापेक्षा होडीचा प्रसंग घे. होडी उलटते तिथे खरी होडी खरंच उलटली होती आणि नायकाला पोहता येत नव्हतं. ते लोकांना आवडेल.

पुतळीला सांग, गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांध.

तुझा
जनूमामा


वरसे
८ डिसेंबर २०२४

ती. जनूमामा,

उत्तराला उशीर झाला. आठवडाभर डबल शिफ्ट होती.

सासूची गोष्ट मला इतकी आवडली की त्यावर दोन पानं लिहून काढली. धाक हेच कसं अभिनयाचं मूळ, वगैरे. काल ती आईला वाचून दाखवत होते. ती जवळा निवडत बसली होती. सासूच्या गोष्टीवर ती म्हणाली, “आयची सासू तर माझ्या जन्माच्या आधीच मेली.” मी म्हटलं, मग मामा विसरले असतील.

मग मी पाण्याचा भाग वाचला. भरतीचं पाणी उघाडीतून कसं घुसतं, शेताकडे कसं धावतं. त्यावर ती हसली.

“उघाडीतून पानी बाहेर जातं गो, आत नाय येत. बांधातलं फळ्यांचं दार ते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतं, भरती आली की खाडीच्या पाण्याने आपसूक मिटतं. शेतात खारं पानी येऊ नये म्हणून तर ते असतं.”

“पण सिनेमात तर येताना दिसतंय.”

“मग कोणीतरी वर उचलून धरलं असंल,” ती म्हणाली आणि तिचे हात थांबले.

मग तिने जे सांगितलं ते मला आजवर नीट माहीत नव्हतं. शूटिंग झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी बांध फुटला. कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं, चार घरांचं. त्या आठवड्यात बांधाची राखण आजोबांकडे होती. राखण सोडून ते शूटिंग बघायला गेले, खेकड्यांनी बांध पोखरलेला त्यांना दिसला नाही, असं गावाने ठरवलं. आजोबांशी कोणी बोलेना. जमीन खारावली, चार वर्षं दाणा नाही. म्हणून ते सगळ्यांना घेऊन रोह्याला आले आणि मरेपर्यंत कंपनीत गोणी उचलत राहिले. मला इतकंच ठाऊक होतं की ते नोकरीसाठी आले.

मामा, ते दार कोणी उचललं? उघाडी तेव्हा कोणाच्या ताब्यात होती?

किमया


पेण
१७ डिसेंबर २०२४

चि. किमया,

माझी तब्येत बरी नाय. डॉक्टरांनी जास्त लिहू नको म्हटलंय.

बांध खेकड्यांनीच पोखरला होता. सगळ्यांनी बघितलं होतं. मेलेल्या माणसांच्या गोष्टी उकरून तुला काय मिळणार? सिनेमावर लिहितेस तर सिनेमावर लिही.

जनूमामा


वरसे
५ जानेवारी २०२५

ती. जनूमामा,

तुम्ही जुनं उकरू नको म्हटलंत, तरी लिहिते आहे. भांडायला नाही. भांडायचं त्राणच उरलेलं नाही. आज सुट्टी होती, सकाळपासून ते अकरा सेकंद एकेक चित्र थांबवून बघितले.

आजी कॅमेऱ्याकडे बघत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं ती माझ्याकडेच बघते. नाही. तिची नजर थोडी डावीकडे आहे आणि खाली. बांधाच्या मागच्या चित्रांशी जुळवून बघितलं, तिथे उघाडी आहे. आणि तिचे ओठ हलतात. एकदाच. आवाज टाकलेला नाही, वर संगीत आहे. पण दोनच अक्षरं आहेत, मामा. मी आरशासमोर उभी राहून ती म्हणून बघितली.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल ते आधी मी एकटी वाचीन. नाही लिहिलंत तर पुन्हा विचारणार नाही, पण मग हा व्हिडिओ मला करता यायचा नाही आणि हा सिनेमाही पुन्हा बघता यायचा नाही.

किमया


पेण
२ फेब्रुवारी २०२५

चि. किमया,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. आता जसं येईल तसं जाऊ दे.

उघाडीची राखण माझ्याकडे होती. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. आमची आय मी दोन वर्षांचा असताना गेली, ताईने मला कडेवर वाढवलं. लग्न होऊन गावातच दिली तेव्हा मी तिच्यामागून रडत तिच्या सासरी गेलो आणि तिथेच जेवायला लागलो. बाबाजी दाजींनी कधी तोंड वाकडं केलं नाय. उघाडीची राखण मला त्यांनीच मिळवून दिली.

शूटिंगवाले आले तेव्हा मी दिवसभर त्यांच्यामागे. साहेब मला जनार्दन म्हणायचे. ‘जनार्दन, इकडे ये. जनार्दन, ही होडी कोणाची?’ मला जन्मात कोणी जनार्दन म्हटलं नव्हतं. मी स्वतःच ते नाव विसरलो होतो. तुला हसू येईल, पण त्या माणसाने सांगितलं असतं तर मी खाडीत उडी घेतली असती.

त्या दिवशी पुनवेचं उधाण होतं. साहेब म्हणाले, पाणी आत येताना दिसलं पाहिजे. मी म्हटलं, भरतीला दार उचलत नाय साहेब. ते म्हणाले, ‘पाचच मिनिटं. तू आहेस ना, जनार्दन?’

मी दोराने दार वर ओढलं, खाली ओंडका घातला. गर्दीचा प्रसंग झाल्यावर लोकांना वळणापलीकडे थांबवलं होतं, बांधावरच्या बायका पाठमोऱ्या, दाराशी मी एकटाच. कॅमेरा सुरू झाला. पाणी असं आलं की बघतच राहावं. मग ओंडका काढायला गेलो तर तो निघेना. वरून भरतीचा जोर. दोर हातातून सुटला, तळवे सोलले. पाणी दाराच्या बाजूची माती कापायला लागलं. तिथून पहिलं शेत तुझ्या आजीचं. तिने आवाज ऐकला, वळली आणि मला बघितलं. ‘जनू’ म्हणाली. मोठ्याने नाय, दुखलं की आपण म्हणतो तसं.

साहेबांनी कट म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओहोटीला मी ओंडका काढून खाडीत सोडून दिला, दार लावलं, कडेला चिखल थापला. ते लोक सामान बांधून गेले. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला बांध तिथेच फुटला. गाव गोळा झालं. राखण कोणाची? बाबाजीची. दाजी म्हणाले, मी बांधाच्या त्या टोकाला खेकड्याची बिळं बुजवत होतो, दिवसभर हाललो नाय. त्यांचं खरं होतं. तिथे दुसरं कोणीच नव्हतं, सगळं गाव शूटिंगला. साक्ष कोण देणार? मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हात मागे धरले होते, सोललेले दिसू नयेत म्हणून.

घरी गेल्यावर ताईने माझ्या हातांना तेल लावलं. म्हणाली, “तू लहान हायस. तुला गाव फाडून खाईल. ह्यांना नाय खाणार, हे मोठे हायत. चार दिवसांनी विसरतील.” तिला खरंच तसं वाटलं होतं. गाव विसरलं नाय, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. ती गेली त्याच्या महिनाभर आधी मी रोह्याला आलो होतो. तिने मला दाराबाहेर नेलं आणि विचारलं, “जनू, आता सांगूया का रे?” दाजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आता कोणाला सांगायचं?

हे पुतळीला सांगायचं की नाय ते तू बघ. मला ठरवता येत नाय. मी फार दमलोय, पोरी. आजाराने नाय.

जनूमामा


वरसे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. जनूमामा,

दहा दिवस पत्र पर्समध्ये घेऊन कंपनीत जात होते. मग आईला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, “आजून काय लिवलंय?” मी म्हटलं, एवढंच. ती उठून आमटीला फोडणी द्यायला गेली.

तीन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. चौथ्या दिवशी मी शिफ्टवरून आले तर म्हणाली, “तो सिनेमा लाव.”

जन्मात पहिल्यांदा तिने तो पूर्ण बघितला. गर्दीच्या प्रसंगाला म्हणाली, थांबव. आणि पडद्याजवळ खुर्ची नेऊन एकेकाला ओळखायला लागली. ही हौसा. ही जनी. हा आमचा शाळेचा मास्तर. ही मी, परकर घातलेली, बघ किती बारीक! सगळं गाव होतं, मामा. आंधळी म्हातारी होती, तान्ही पोरं होती. ती तीन वेळा मागे घ्यायला लावून बघत होती. शेवटी म्हणाली,

“बापूस नाय.”

“कुठे?”

“कुठंच नाय. शूटिंग बघायला गेला म्हणून गावाने त्याला टाकला ना? मग ह्या सगळ्यांत तो कुठाय?”

अडतीस वर्षं तो सिनेमा तिथेच होता. मी पन्नासदा बघितला, बायकांच्या पाठींवर पानंच्या पानं लिहिली, आणि कोण नाही ते मला दिसलं नाही.

मग ती रडली. तुमच्यावर नाही. सोळा वर्षांची असताना, रोह्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत, रागाच्या भरात ती आजोबांना म्हणाली होती, “तुमी शूटिंग बघायला गेला नसता तर आपण आज हितं नसतो.” तोवर आजोबा अधूनमधून सांगायचे की मी हाललो नव्हतो. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कधीच सांगितलं नाही.

व्हिडिओ मी सोडून दिला आहे. दिग्दर्शकाने हे कसं काढून घेतलं असेल, असं मी विचारत होते. आता उत्तर माहीत आहे आणि ते मला माझ्या आवाजात सांगवत नाही.

तुमच्यावर रागवायला हवं. शिफ्टहून येते आणि रागवायचं राहून जातं.

किमया


पेण
१८ मार्च २०२५

चि. किमया,

होळीच्या आधी गावकीची बैठक असते, तिला गेलो होतो. निलेशला म्हटलं, सोबत चल, मला वाचून दाखवता येणार नाय. त्याला काही सांगितलं नव्हतं. सगळं लिहून नेलं होतं, तो कागद त्याच्या हातात दिला, तो उभा राहून वाचायला लागला, पहिल्या चार ओळी भराभर. मग हळू झाला. मग एकदा माझ्याकडे बघितलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. त्याची तयारी करून गेलो होतो. तीस-चाळीस माणसं होती, बहुतेक तरणी. एकाने शेजारच्याला विचारलं, “कोण बाबाजी?” म्हाताऱ्यांतले दोघे म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं. चार घरांपैकी तीन घरं आता गावात नायत. त्या शेतांत तिवरं माजलीत, उघाडीची नुसती दगडं उरलीत.

हौसा तेवढी उठली. पंचाऐंशीची हाय, काठीवर. म्हणाली, “मी तवा बाबाजीच्या दारात जाऊन थुंकली व्हते.” एवढं बोलून ती घरी गेली. मग होळीचं लाकूड कोण आणणार यावर बोलणं सुरू झालं.

निलेश अजून माझ्याशी नीट बोलत नाय. बरोबर हाय त्याचं.

तुला एक सांगतो. व्हिडिओ कर. गावाने ऐकलं आणि विसरलं, तो कुठेतरी राहील. माझं नाव घाल. जनू नको, पूर्ण नाव घाल. त्या नावासाठीच तर केलं होतं.

जनूमामा


वरसे
२० एप्रिल २०२५

ती. जनूमामा,

व्हिडिओ काल टाकला. पाच भाग वगैरे काही राहिले नाहीत. नऊ मिनिटांचा झाला. तुमचं नाव घातलं आहे, पूर्ण. निलेशदादाला सांगून बघा. त्याने नकार दिला तर मी येऊन दाखवीन.

सुरुवातीला मी बोलते, सिनेमाबद्दल, मला तो का आवडायचा त्याबद्दल. अजूनही आवडतो का, हे मी त्यात सांगितलेलं नाही, कारण मला कळत नाही. मधला भाग आई बोलली आहे. मी लिहून दिलं होतं, ते तिने बाजूला ठेवलं. गर्दीचं चित्र थांबवून ती एकेकाचं नाव घेत जाते आणि शेवटी म्हणते, “ह्यांच्यात माझा बापूस दिसत नाय. तो कामावर व्हता.” ते एकदाच रेकॉर्ड केलं. पुन्हा बोलायला तिने नाही म्हटलं.

तिने तुम्हाला स्वतः लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही. याच पाकिटात घालते आहे.

किमया


मामांस पुतळीचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाय, चुका असतील.

तुमी येतो म्हणून निलेशला सांगितलंत ते कळलं. येऊ नका. मी तुमाला बघितलं तर काय बोलीन ते मला ठाऊक नाय, आणि तुमाला तर बोलताच येत नाय, म्हंजे मी एकटीच बोलत बसंन. ते बरं नाय.

आयचं मला समजत नाय. तिने नवऱ्याला टाकलं आणि भावाला धरलं, आणि मग त्याच नवऱ्याच्या पाठीला जन्मभर मालिश केली. गोणी उचलून त्यांची पाठ वाकली व्हती. मी आंथरुणात पडून बघायचे. मला वाटायचं माझ्या आयसारखी मायाळू कोणी नाय. आता ते आठवलं की मी उठून आत जाते. तुमाला ती जास्त ठाऊक. ती कशी व्हती ते मला लिवा. लहानपणापासून लिवा. चांगलं तेवढंच नको.

घाई नाय. तुमाला जमेल तसं लिवा, मी वाचीन.

पुतळी